डॉल्बी, डीटीएस की ॲटमॉस? घरच्या थिएटरसाठी सराउंड फॉरमॅट पारखून घेण्याची पद्धत

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात साउंडबारचं किंवा रिसीव्हरचं (आवाज उलगडून स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्राचं) खोकं पालथं करून पाहिलं, तर मागे बोधचिन्हांची रांगच छापलेली दिसते: डॉल्बी डिजिटल, डॉल्बी ॲटमॉस, डीटीएस, डीटीएस एक्स, आणखी दोन-चार. "भिया, सब चलेगा इसमें," असं काउंटरमागून उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. पण तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या टीव्हीतून आणि तुमच्या ओटीटीच्या प्लॅनवर त्यातलं नेमकं काय चालणार, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागातल्या ओळखीच्या घरांत सिस्टिम लावायला हात लावताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. सेट महागडा असतो, सहा स्पीकर भिंतीवर टांगलेले असतात आणि प्रत्यक्षात ऐकू येत असतो साधा स्टिरिओ. म्हणून फॉरमॅटची तुलना करायची ती कागदावर नको. फाइलपासून कानापर्यंत आवाजाचा सगळा रस्ता तपासत करू.

पायरी १ : नावांमागे काय आहे ते पाहा

५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, मागच्या बाजूला दोन, आणि बाससाठी एक सबवूफर. ७.१ मध्ये अगदी मागे आणखी दोन येतात. ५.१.२ असं लिहिलं असेल तर शेवटचा आकडा छतावरच्या किंवा छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचा. हे झालं स्पीकरचं गणित. फॉरमॅट म्हणजे त्या स्पीकरांपर्यंत आवाज कशा प्रकारे बांधून पाठवला आहे ते.

डॉल्बी डिजिटल हा सगळ्यात जुना आणि सगळीकडे चालणारा. चित्रपटगृहांत तो १९९२ मध्ये आला. डीव्हीडीवर त्याला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट प्रतिसेकंद एवढी जागा मिळते, ब्लू-रेवर ६४०. ही जागा किती कमी आहे ते हिशोब केल्यावर कळतं. सहा चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असा मूळ आवाज न दाबता ठेवला तर सुमारे ६,९०० किलोबिट लागतात. म्हणजे डीव्हीडीवर मूळ आवाजाचा जेमतेम पंधरावा भाग उरतो. बाकीचं, कानाला सहसा कळणार नाही अशा अंदाजाने, काढून टाकलेलं असतं. तरीही बऱ्यापैकी स्पीकरवर तो छान वाजतो.

डीटीएस १९९३ मध्ये आला. थिएटरमध्ये त्याचा आवाज फिल्मवर नसायचाच. तो वेगळ्या सीडीवर असायचा आणि फिल्मवर छापलेल्या टाइमकोडच्या आधाराने चित्राशी जुळवला जायचा. डीव्हीडीवर त्याचे दर ७५४ किंवा १,५०९ किलोबिट. आकडा मोठा असल्यामुळे 'डीटीएस जास्त दमदार' अशी ख्याती झाली. त्या ख्यातीत आवाजाच्या पातळीचाही मोठा वाटा आहे, त्याबद्दल पाचव्या पायरीत लिहितो.

ब्लू-रेबरोबर आले ते डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. या दोन्हींत काहीच फेकलं जात नाही. उलगडल्यावर स्टुडिओतल्या मास्टरची बिटागणिक नक्कल मिळते. ट्रूएचडीची कमाल मर्यादा १८ मेगाबिट, डीटीएस-एचडीची सुमारे २४.५. दोन्ही 'लॉसलेस' म्हटल्यावर एकाच मास्टरपासून बनवलेल्या ट्रॅकमध्ये डावं-उजवं करण्यासारखं काही राहत नाही. या विषयावर तावातावाने होणारे वाद मी तरी आता ऐकून सोडून देतो.

ओटीटीवर राज्य आहे ते डॉल्बी डिजिटल प्लसचं. हा जुन्या डॉल्बी डिजिटलचा सुधारलेला भाऊ; तेवढ्याच जागेत जास्त नीट आवाज बसवतो.

आता ॲटमॉस. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. २०१२ मध्ये थिएटरसाठी आणि २०१४ मध्ये घरासाठी आलेल्या या पद्धतीत काही आवाज चॅनलला बांधलेले नसतात. 'हेलिकॉप्टर आत्ता या जागी आहे, मग तिकडे जाईल' अशी माहिती आवाजाबरोबर जाते आणि तुमच्या घरी किती स्पीकर आहेत ते पाहून रिसीव्हर तो कुठून वाजवायचा ते ठरवतो. थिएटरच्या ॲटमॉसमध्ये १२८ पर्यंत ट्रॅक असू शकतात. घरच्या आवृत्तीत जवळजवळचे आवाज एकत्र करून ही संख्या बरीच खाली आणली जाते. ॲटमॉस हा प्रवासी आहे असं समजा; ओटीटीवर तो डॉल्बी डिजिटल प्लसच्या गाडीने येतो, ब्लू-रेवर ट्रूएचडीच्या. नेटफ्लिक्सवर ॲटमॉसला जास्तीत जास्त ७६८ किलोबिट मिळतात, डिस्कवर कित्येक हजार. पडद्यावर चिन्ह दोन्हीकडे तेच दिसतं.

डीटीएस एक्स ही डीटीएसची तशीच पद्धत, २०१५ पासूनची. ती मुख्यतः डिस्कवर भेटते. ऑरो-थ्रीडी बेल्जियममधून आलेलं आहे आणि ऐकायला सुंदर आहे, पण त्यातले चित्रपट इतके थोडे की आपल्याकडे त्यासाठी वेगळा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : तुमच्याकडे आवाज येतो कुठून ते लिहून काढा

एका कागदावर लिहा: महिन्याभरात पाहिलेल्या चित्रपटांपैकी किती ओटीटीवर, किती डीटीएचवर, किती पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवरून, किती डिस्कवर. बहुतेक घरांत ओटीटीचं पारडं एवढं जड निघतं की ट्रूएचडी विरुद्ध डीटीएस-एचडी हा प्रश्न आपोआप गळून पडतो.

ओटीटीवर तीन गोष्टी तपासा. तुमचा प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनवर मिळतो. ॲप कुठे चालतंय? टीव्हीत, स्टिकमध्ये की सेट-टॉप बॉक्समध्ये? एकाच चित्रपटाला एका उपकरणावर ॲटमॉस आणि दुसऱ्यावर नुसता ५.१ किंवा स्टिरिओ मिळू शकतो. तिसरी गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची: भाषा. चित्रपटाच्या पानावर ॲटमॉसचं चिन्ह असतं, पण तो ट्रॅक बऱ्याचदा मूळ भाषेचाच असतो. घरात आजीसाठी हिंदी डबिंग लावलं की त्याच चित्रपटाचा आवाज ५.१ वर किंवा स्टिरिओवर उतरतो. चिन्हावर न जाता ऑडिओच्या यादीत भाषेपुढे काय लिहिलंय ते वाचा. मराठी चित्रपटांचंही तसंच. अनेकांचा ओटीटीवरचा ट्रॅक स्टिरिओ असतो, मग थिएटरमध्ये तो सराउंडमध्ये का लागलेला असेना.

जुने मराठी आणि हिंदी चित्रपट मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे आहेत. त्यांना जबरदस्तीने सगळ्या स्पीकरांतून वाजवू नका. रिसीव्हरवर 'ऑल चॅनल स्टिरिओ' सारखा मोड चालू असेल तर बंद करा आणि 'डॉल्बी सराउंड' लावा. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज तो मधल्या स्पीकरकडे पाठवतो, त्यामुळे संवाद पडद्यातून आल्यासारखे वाटतात. नव्या स्टिरिओ चित्रपटांसाठीही हाच मोड उपयोगी आहे.

पायरी ३ : वाटेतली अडचण शोधा

सर्वात जास्त सिस्टिम इथेच अडतात, म्हणून ही पायरी सावकाश करा.

टीव्हीपासून रिसीव्हर किंवा साउंडबारपर्यंत कोणती तार गेली आहे ते पाहा. ऑप्टिकल तार, म्हणजे टोकाला लाल उजेड दिसतो ती, फक्त स्टिरिओ पीसीएम (म्हणजे न दाबलेला आवाज), डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस एवढंच नेते. तिच्यातून ना डॉल्बी डिजिटल प्लस जातो, ना ॲटमॉस. पुष्कळ टीव्ही अशा वेळी डॉल्बी डिजिटल प्लसचं रूपांतर साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये करून पाठवतात, ५.१ मिळतो, पण उंचीची माहिती गळून पडते.

एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं पोर्ट (टीव्हीतला आवाज त्याच तारेतून रिसीव्हरकडे पाठवणारं), जे २००९ च्या १.४ आवृत्तीबरोबर आलं, डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातला ॲटमॉस नेऊ शकतं, टीव्हीने तो पुढे पाठवला तर. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी त्यातून मावत नाहीत. त्यासाठी 'ईएआरसी' लागतं, जे २.१ आवृत्तीत आलं. म्हणून फक्त ओटीटी पाहणाऱ्याने ईएआरसीसाठी टीव्ही बदलायची गरज नाही. डिस्क पाहणाऱ्यानेही नाही: ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा, रिसीव्हरची तार टीव्हीला, प्रश्न मिटला.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. 'डिजिटल साउंड आउटपुट' असं काहीतरी नाव असतं. तिथे 'पीसीएम' निवडलेलं असेल तर एआरसीमधून दोनच चॅनल जातात. ते 'पासथ्रू' (आवाज न बदलता पुढे पाठवणं) करा, ते नसेल तर 'ऑटो'. मी वर म्हटलेल्या महागड्या सेटमधून स्टिरिओ वाजण्याचं कारण जवळजवळ दर वेळी हेच निघतं. ब्लू-रे प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' असं काही असतं, ते बंद करा. ते चालू असेल तर मेनूतले टिकटिक आवाज मिसळण्याच्या नादात प्लेअर लॉसलेस ट्रॅक तसाच्या तसा पाठवत नाही.

पेन ड्राइव्हवरच्या फाइलला चित्र दिसतं पण आवाज येत नाही, अशी तक्रार असेल तर तो ट्रॅक बहुधा डीटीएस आहे. बऱ्याच टीव्हींमध्ये डीटीएस उलगडायची सोय नसते. फाइल टीव्हीऐवजी रिसीव्हरला जोडलेल्या मीडिया बॉक्समधून किंवा लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून लावा.

एवढं झालं की रिसीव्हरच्या डिस्प्लेवर नजर टाका, किंवा रिमोटवरचं 'इन्फो' दाबा. येणारा सिग्नल कोणता, ते तिथे लिहून येतं. टीव्हीच्या पडद्यावरच्या चिन्हापेक्षा या डिस्प्लेवर विश्वास ठेवा. एक अपवाद: काही स्ट्रीमिंग बॉक्स आवाज स्वतःच उलगडून पीसीएम स्वरूपात पाठवतात. तिथे 'मल्टिचॅनल पीसीएम' दिसलं तर घाबरायचं कारण नाही, सगळे चॅनल येताहेत.

पायरी ४ : खोली काय म्हणते ते ऐका

आपल्याकडच्या रो-हाउसमधला हॉल साधारण बारा बाय पंधरा फूट. एका बाजूला स्वयंपाकघराकडे उघडा दरवाजा, खाली टाइल्स, वर पीओपी आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. या हॉलमध्ये ७.१ लावू नका. मागे बसवायचे दोन स्पीकर डोक्याला चिकटतील आणि बाजूच्या स्पीकरांपासून वेगळे कळणारच नाहीत. नीट लावलेला ५.१ इथे सरस ठरतो.

समोरचे डावे-उजवे स्पीकर तुमच्या नजरेच्या सरळ रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या उंचीला. सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे तुमच्या बाजूला आणि किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ते अगदी बाजूला येतील. निदान फूट-दीड फूट सोफा पुढे ओढता आला तर ओढा. खर्च शून्य, फायदा मोठा.

उंचीच्या स्पीकरांबाबत दोन प्रकार आहेत. छतात बसवायचे आणि छतावर आदळून आवाज खाली पाठवणारे. दुसऱ्या प्रकाराला सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवरचं छत लागतं. रामबागेतल्या जुन्या घरांत, जिथे अजून लाकडी कड्यांचं छत आहे, तिथे आवाज विखुरतो आणि वरून काही येतंय असं वाटत नाही. पायऱ्यापायऱ्यांचं नक्षीदार पीओपी असेल तरीही तेच. शिवाय पंखा. आवाजाच्या वाटेत फिरती पाती आली की तो परतीचा आवाज तुटक होतो. अशा घरात ५.१.२ च्या साउंडबारवर पैसे घालण्यापेक्षा मधला स्पीकर आणि सबवूफर चांगले घ्या.

घराचं काम चालू असेल तर मात्र संधी सोडू नका. पीओपी बंद होण्याआधी छतात पाइप टाकून वायर ओढून घ्या, स्पीकर नंतर येऊ द्या. दोनच लावायचे तर बसणाऱ्याच्या डोक्यावर, जरासे पुढे. वायर १६ गेजची शुद्ध तांब्याची, लांब अंतर असेल तर १४. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपते. टोक खरवडून आत पांढरं दिसतं का ते बघून घ्या.

कुलरचाही विचार करा. मे महिन्यात खिडकीतला कुलर फुल स्पीडवर असताना चित्रपटातली हळू कुजबुज, पानांची सळसळ, दूरवरचा रेल्वेचा भोंगा सगळं त्या घरघरीखाली जातं. लॉसलेस आणि ओटीटी यांच्यातला फरक अशाच बारीक जागी असतो. ज्या खोलीत कुलर चालतो तिथे तो फरक शोधण्यात अर्थ नाही.

मग रिसीव्हर जुळवा. सोबतचा माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून ऑटो सेटअप चालवा, पंखा आणि कुलर बंद करून. नंतर स्वतः तपासा: सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट जातो, त्यामुळे रिसीव्हरने मोजलेलं अंतर टेपने पडताळता येतं. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं तरी बदलू नका, त्यात त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर धरलेला असतो. सबवूफर कुठे ठेवायचा ते कळत नसेल तर तोच सोफ्याच्या जागी ठेवा, बासचं संगीत लावा आणि भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे बास भरीव पण घुमल्याशिवाय येतो, ती सबवूफरची जागा.

पायरी ५ : आता खरी तुलना

दोन फॉरमॅट ताडून पाहायचे तर आधी आवाजाची पातळी सारखी करा. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये संवादांची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा असतो आणि त्यानुसार रिसीव्हर आवाज खाली आणतो. चित्रपटांत हे उतरणं पुष्कळदा ४ डेसिबलच्या आसपास असतं. डीटीएसमध्ये सहसा तसं होत नाही. परिणामी एकाच डिस्कवर डॉल्बीवरून डीटीएसवर गेलं की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरीव वाटतो. डीटीएसच्या दमदारपणाच्या ख्यातीत हा मोठा वाटा. फोनवरच्या डेसिबल मीटरने तोच संवादाचा तुकडा दोन्ही ट्रॅकवर मोजा आणि व्हॉल्यूम जुळवा. फोनचा मीटर अचूक नसला तरी फरक मोजायला पुरतो.

'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज', साउंडबारचा 'सिनेमा मोड' सगळं बंद करा. प्रसंग एकच घ्या, दोन-तीन मिनिटांचा: पाऊस, गर्दीतला संवाद, पडद्याबाहेर जाणारी गाडी. दोन्ही ट्रॅक एकाच भाषेचे असू द्या, कारण डबिंगचं मिक्सिंग वेगळं असतं. मग रिमोट घरातल्या दुसऱ्याच्या हातात द्या आणि डिस्प्लेकडे पाठ करून बसा. मुलांना हे काम फार आवडतं. दहा वेळा ऐकून ९ वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा आहे. नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. पाच-सहा बरोबर आले तर ती नाणेफेक झाली.

कशाकडे लक्ष द्यायचं? गर्दीच्या आवाजात संवाद स्पष्ट राहतो का. पाऊस एकसंध वाटतो की मागच्या दोन स्पीकरांतून वेगळा. स्फोटानंतरची शांतता किती खोल आहे. गाडी समोरून मागे जाताना मध्ये तुटते का. ॲटमॉससाठी वरच्या स्पीकरांचं काम वेगळं तपासा: तोच प्रसंग वरचे स्पीकर चालू आणि बंद ठेवून ऐका. फरक जाणवत नसेल तर स्पीकरची जागा किंवा छत यांत खोट आहे.

माझ्या ऐकण्यात आलेला क्रम असा. स्टिरिओवरून ५.१ वर जाणं हा सर्वात मोठा बदल, तो घरातल्या कोणालाही कळतो. ५.१ वरून छतात बसवलेल्या खऱ्या स्पीकरांचा ॲटमॉस, हा दुसरा. जुन्या डॉल्बी डिजिटलवरून लॉसलेसवर जाणं तिसरं, शांत खोलीत आणि चांगल्या स्पीकरवर. ओटीटीचा ॲटमॉस आणि डिस्कचा ॲटमॉस यांतला फरक त्याहून लहान, आणि ट्रूएचडी विरुद्ध डीटीएस-एचडी यात मला फॉरमॅटमुळे काही वेगळं ऐकू आलेलं नाही.

पायरी ६ : ठरवा, आणि शेजाऱ्यांचाही विचार ठेवा

भाड्याचं घर, सामाईक भिंत, बहुतेक पाहणं ओटीटीवर: एआरसीवर जोडलेला, वेगळा मधला चॅनल आणि सबवूफर असलेला ३.१ साउंडबार पुरे. ॲटमॉसचं चिन्ह नसलं तरी चालेल. स्वतःचा हॉल असेल तर रिसीव्हर आणि ५.१ स्पीकर, रिसीव्हर मात्र सात चॅनलचा घ्या, म्हणजे छतातले दोन पुढे जोडता येतील. डिस्कचा संग्रह असेल तर लॉसलेस उलगडणारा रिसीव्हर आणि प्लेअर थेट त्याला. आजकालच्या जवळजवळ सगळ्या रिसीव्हरांत डॉल्बी आणि डीटीएस दोन्ही असतात, तेव्हा त्यांच्यात निवड करायची वेळ येत नाही.

माळव्यातल्या रात्री गार असतात, खिडक्या उघड्या असतात आणि सबवूफरची धडधड दोन घरं ओलांडून जाते. रात्री दहानंतर रिसीव्हरमधला डायनॅमिक रेंज कमी करणारा पर्याय लावा. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये त्यासाठीची माहिती आधीच भरलेली असते, त्यामुळे स्फोट दबतात आणि संवाद टिकतात. सबवूफरखाली जाड रबराची पट्टी ठेवा आणि मधला स्पीकर २-३ डेसिबलने वाढवा, म्हणजे एकूण व्हॉल्यूम खाली ठेवता येतो.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की साउंड आउटपुट पुन्हा 'पीसीएम' वर गेलेलं असू शकतं. अपडेटनंतरचा पहिला चित्रपट लावताना रिसीव्हरचा डिस्प्ले एकदा वाचून घ्या.